अठराव्या वाढदिवसाची पुडी

४ मार्च

ताई,

मायना काय लिहावा यात दोन कागद फुकट गेले. ‘तीर्थरूप’ लिहिलं तर तुला हसू आलं असतं आणि ‘प्रिय’ लिहिलं तर मला. म्हणून नुसतंच ताई. सहा वर्षं आपलं बोलणं नाही, तेव्हा पहिल्याच ओळीत गळ्यात पडणं मला जमायचं नाही.

बातमी तुला लागली असेलच. आत्याला सांगितलं म्हणजे सगळ्यांना सांगितलं. आम्ही दोघं परदेशात आलोय, एक मुलगी दत्तक घ्यायला. चार वर्षांची आहे. बारा तारखेला कोर्टात शेवटची तारीख आहे. ती पार पडली की मुलगी आमच्या ताब्यात, आणि मग तिचा पासपोर्ट हातात पडेपर्यंत इथेच मुक्काम. फोन न करता पत्र का, तर फोनवर तू बोलशील. पत्रात मला कुणी मध्येच तोडत नाही. हे टाकीन की नाही, तेही ठरवलेलं नाही.

मी शाळेतून महिन्याची रजा काढली. सातवीचं गणित बदलीच्या बाईंकडे सोपवून आलेय. आमच्या गृहस्थांनी चष्म्याचं दुकान भागीदाराच्या गळ्यात मारलंय. राहायला तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आहेत. ओट्यावर दोन शेगड्या, त्यातली एकच पेटते. खिडकीतून समोरच्या दंतवैद्याची खुर्ची दिसते, त्यामुळे सकाळचा चहा कुणाचा तरी उघडा जबडा बघत प्यावा लागतो.

तारखेपर्यंत काम काहीच नाही, म्हणून हिंडतोय. संस्थेनं एक पुस्तिका दिली आहे. त्यात लिहिलंय की मुलाच्या जन्मगावातून अठराव्या वाढदिवसापर्यंत पुरतील इतक्या वस्तू घेऊन ठेवा आणि दर वाढदिवसाला एक द्या, म्हणजे मुलाची गावाशी गाठ राहते. मुलगी चार वर्षांची, म्हणजे पाचव्यापासून अठराव्यापर्यंत चौदा वस्तू. हिशोब सोपा आहे. आमच्या गृहस्थांनी प्रत्येक वस्तूला कागदात गुंडाळून वर आकडा घालायचं ठरवलंय. तुला ते माहीतच आहेत, घरातल्या डब्यांवरसुद्धा चिठ्ठ्या लावणारा माणूस.

आज घड्याळाचा मनोरा बघितला. दर तासाला वरून लाकडी माणसं बाहेर येतात, गोल फिरतात आणि घंटा कानठळ्या बसवते. खाली दुकानात त्याच मनोऱ्याचं चित्र असलेला पत्र्याचा डबा मिळाला. तो पाचव्या वाढदिवसाचा. तळ्यावर जाऊन नावेतही बसलो. नावेत सगळी मुलंबाळंवाली माणसं होती. आमच्यासमोरची जागा रिकामी होती, तिथे मी डब्याची पिशवी ठेवली.

८ मार्च

ताई,

नऊ वस्तू झाल्या. काचेचा गोळा, लाकडी फणी, छोटी पितळी घंटा, असं काय काय. दुकानदार आता आम्हाला ओळखायला लागलेत. कालच्या काचकाम करणाऱ्यानं विचारलं, “नातवंडांसाठी का?” आमच्या गृहस्थांनी सरळ “हो” म्हणून टाकलं. बाहेर आल्यावर मी विचारलं तर म्हणतात, “एक्केचाळीस वर्षांच्या बाईला आजी म्हणाला, त्याचा नंबर तपासायला हवा. भांडत कशाला बसू?”

आज मुलीला तिसऱ्यांदा भेटलो. ती अनाथाश्रमात नाही, हे तुला सांगायचं राहिलं. तीन महिन्यांची असल्यापासून तिला एका बाईनं सांभाळलंय. बाई कपडे धुऊन इस्त्री करून देते. खाली दुकान, मागे एक खोली. भिंतभर कपडे टांगलेले आणि सगळीकडे गरम सुताचा वास. तिच्या मनगटावर इस्त्रीचा जुना डाग आहे. मुलगी इस्त्रीच्या टेबलाखाली बसून एका डब्यातली तुटलेली बटणं लावत असते, दोन भोकांची इकडे, चार भोकांची तिकडे. आमचे गृहस्थ तिला बटण म्हणायला लागलेत. त्यांनी खाली बसून तीन भोकांचं एक बटण शोधून दिलं, तेव्हा ती त्यांच्याकडे बघून हसली. माझ्याकडे अजून हसलेली नाही.

आमच्याबरोबर दुभाषी बाई असते. तिला आपली भाषा येत नाही, आम्ही मोडक्यातोडक्या इंग्रजीत भेटतो. आज निघताना तिनं सहज सांगितलं, की कोर्टात न्यायाधीश त्या इस्त्रीवाल्या बाईला विचारतील, “मुलीला यांच्याकडे द्यायला तुमची हरकत आहे का? तुम्हालाच ठेवायची आहे का?” ती ठेवते म्हणाली तर तिचा हक्क आधी.

मी म्हटलं, “आधी का नाही सांगितलंत?”

“तसं कुणी म्हणत नाही हो. विचारण्याची पद्धत आहे, एवढंच.”

पद्धत आहे, एवढंच. मला जेवण गेलं नाही. मी या वाटेनं एकदा गेलेय, ताई. तूच नेलं होतंस. छोटी तुझ्या पोटात असताना तू म्हणालीस, “तिसरं तुझं.” मी मागितलं नव्हतं. तीन महिन्यांची झाल्यावर तू स्वतः आणून माझ्या मांडीवर ठेवलीस. अकरा दिवस ती माझी होती. बाराव्या दिवशी सकाळी तू आणि भावोजी दारात उभे, छोटीला परत न्यायला. छोटीची पिशवी मी भरत होते आणि तू बाहेरच्या खोलीत पंख्याकडे बघत बसली होतीस. त्याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही. हे लिहिताना राग येईल असं वाटलं होतं. आला.

१२ मार्च

झालं.

न्यायाधीश एक बाईच होत्या, सर्दीनं बेजार. कागद वाचता वाचता शिंकत होत्या. आम्हाला पाच प्रश्न विचारले. मग इस्त्रीवालीला उभं केलं. तिनं कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. प्रश्न विचारल्यावर ती बोलेचना. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. पाऊण मिनिट गेलं. आमच्या गृहस्थांनी माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली. मग ती एकच शब्द बोलली, आणि दुभाषी बाईनं आमच्याकडे वळून सांगितलं, “हरकत नाही म्हणाली.”

बाहेर आवारात तिनं बटणला आमच्याकडे दिलं. पिशवीत मुलीचे कपडे, बटणांचा डबा आणि तिचा स्वतःचा एक जुना निळा सदरा होता, कोपर विरलेला. वर चार घड्या घातलेला एक कागद, दोन्ही बाजूंनी भरून लिहिलेला. तो तिनं माझ्याच हातात दिला आणि काहीतरी म्हणाली. दुभाषी बाई म्हणाली, “वाचून दाखवू का आत्ता?”

मी म्हटलं, “नंतर.”

बटण रडली नाही. आवाराच्या फाटकापर्यंत मागे वळून बघत चालली, मग बघणंही सोडून दिलं.

ती आमची झाली. हे वाक्य मी मनात कितीदा तरी म्हणून पाहिलंय.

१६ मार्च

ताई,

गेले चार दिवस वाईट गेले.

मुलगी खात नाही. खाते ते दूध आणि पाव, तेही आमचे गृहस्थ दुसरीकडे बघत असतील तेव्हा. बूट काढू देत नाही, बूट घालून दाराशी बसते. केस धुवायला घेतले तर तिनं माझ्या दंडाचा चावा घेतला, अजून वळ आहे. झोपेचं तर विचारूच नको. सकाळी उठून बघावं तर ती दाराला टेकून बसल्या बसल्या पेंगत असते. मी पाठीवर हात ठेवला की काठीसारखी ताठ होते.

आमचे गृहस्थ म्हणाले, घरात कोंडून किती बसायचं, हिंडायला नेऊ. तिचंच गाव तिला दाखवायला निघालो आम्ही. तिनं मनोरा कधी बघितलेलाच नव्हता. तळ्यावरची नावही नाही, काचकाम करणाऱ्यांची गल्लीही नाही. इस्त्रीच्या दुकानाला सुट्टी नसते, कोण नेणार? मनोऱ्याखाली उभे राहिलो, लाकडी माणसं बाहेर आली, मी बोटानं दाखवतेय, आणि घंटा सुरू झाल्याबरोबर तिनं डावा कान गच्च धरून अशी किंकाळी फोडली की चौकातली माणसं आमच्याकडे वळली. एक म्हातारी माझ्या अंगावर धावून आली. तिला वाटलं, मी पोर पळवून चाललेय. खरं सांगते, त्या वेळी मलाही तसंच वाटलं.

घरी आल्यावर आमचे गृहस्थ म्हणाले, “त्या बाईनं कागद दिला होता ना? त्यात काय लिहिलंय?”

मी म्हटलं, “ठेवलाय.”

“कुठे?”

आता तुला सांगते, कारण त्यांना सांगायला मला तासभर लागला. कोर्टातून आल्या दिवशीच मी तो कागद आणि तो निळा सदरा पुडीत बांधला होता. अठराव्या वाढदिवसाच्या पुडीत. तिथे एक विणलेली शाल होती, ती मी सतराव्यात कोंबली. सदरा बांधण्यापूर्वी साबणानं धुतला, उन्हात वाळवला आणि मग बांधला. वर आमच्या गृहस्थांच्याच पेनानं १८ आकडा घातला. मनाशी म्हटलं, मोठी झाली की तिचं तिलाच वाचू दे, तिच्या आईसारख्या बाईचं पत्र, किती छान आठवण. स्वतःच्या चांगुलपणावर खूशसुद्धा झाले.

खरं कारण वेगळं होतं. त्या कागदात ‘मला माझी मुलगी परत हवी’ असं लिहिलेलं असेल, अशी मला खात्री होती. कोर्टात ती पाऊण मिनिट गप्प का राहिली? वाचलं नाही म्हणजे मला माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणजे मला कुणी काही विचारू शकत नाही. वर्गातली पोरं प्रगतिपुस्तक दप्तरात लपवतात, त्यांना मी बाकावर उभं करते.

आमचे गृहस्थ रागावले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, “तुझ्या ताईचं पाकीटही तू असंच ठेवलंयस.”

हो, ताई. तुझं रजिस्टरनं आलेलं पाकीट माझ्याकडे आहे, न फोडलेलं. तू छोटीला नेल्यावर आठवड्याच्या आत आलं होतं. मी सही करून घेतलं आणि प्लास्टिकच्या फायलीत टाकलं. त्याच फायलीत नंतर आमचे डॉक्टरांचे रिपोर्ट गेले, लग्नाचा दाखला गेला, संस्थेचे कागद गेले. म्हणून तेही आमच्याबरोबर परदेशात आलंय. तुझी माफी वाचायची मला इच्छा नव्हती. माफी वाचली की माफ करावं लागतं.

१७ मार्च

सकाळी दुभाषी बाईला बोलावून घेतलं. पुडी फोडली. तिनं चष्मा लावला आणि ओट्याला टेकून वाचायला लागली. आमचे गृहस्थ लिहून घेत होते, म्हणून मी ते तुला जसंच्या तसं देऊ शकते.

डावा कान दुखतो. मोठा आवाज सोसत नाही. केस धुण्याआधी कानात तेलाचा कापूस घालायचा, नाहीतर पाणी जातं आणि ती चावते. अंड्यातलं पांढरं खाते, पिवळं नाही. बूट तिला तीन वेळा विचारून काढायचे, तिसऱ्यांदा हो म्हणते. झोपताना माझा निळा सदरा द्यायचा, ती त्याचं वरून दुसरं बटण मुठीत धरते. सदरा धुवू नका, वास लागतो तिला. मी महिन्यातून एकदा धुते तेव्हा दोन दिवस त्रास देते.

इथे दुभाषी बाई थांबली आणि खिडकीकडे बघितलं. समोर दंतवैद्य कुणाला तरी आ करायला सांगत होता. शेवटची ओळ अशी होती: पहिल्या रात्री तिला झोप लागली का, एवढं कुणाकडून तरी कळवा.

म्हणजे पाच दिवस ती बाई निरोपाची वाट बघत होती. मुलगी परत मागण्याचं त्या कागदात कुठेही नव्हतं. मुलीला आज लागणारी वस्तू मी चौदा वर्षं पुढे ढकलून, दोरीनं बांधून ठेवली होती.

मी सदरा घेऊन दाराशी गेले. बटणनं तो नाकाला लावला आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू मी तिला तिची वस्तू देते म्हणून भलत्याच कुणाची दिलीय. साबणाचाच वास येत होता ना. मला तिच्यासमोर रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. तिनं थोडा वेळ बघितलं. मग वरून दुसरं बटण शोधून मुठीत धरलं. बुटांचं मी तीनदा विचारलं, दुभाषी बाईनं शिकवलेल्या शब्दांत. तिसऱ्यांदा तिनं पाय पुढे केला.

दुपारी ती दोन तास झोपली. आम्ही दोघं ओट्याशी उभ्यानं जेवलो, खुर्च्या सरकवल्या तर आवाज होईल म्हणून.

१९ मार्च

ताई,

आज सकाळी मी एकटीच इस्त्रीच्या दुकानात गेले. संस्था म्हणते, इतक्यात भेटू नका. पण मी मुलीला नेलंच नव्हतं, आणि दुभाषी बाईलाही नाही. बाई इस्त्री करत होती. मला बघून तिनं इस्त्री उभी केली आणि आधी माझ्या मागे दाराकडे बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली. मग दोन्ही हात जोडून गालाखाली घेतले, डोळे मिटले आणि बोटांनी दोन दाखवले. दोन रात्री. पहिल्या रात्रीबद्दल ती विचारेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं, तेही हातांनीच सांगायचं होतं: नाही, माझ्यामुळे. तिनं विचारलं नाही. टेबलाला दोन्ही हात टेकून खाली मान घालून उभी राहिली. मग अंगातला सदरा, घामानं भिजलेला, मागच्या खोलीत जाऊन बदलला आणि तोच घडी करून माझ्या हातात दिला. मी तिला आमचा पत्ता दिला, संस्थेचा नाही, घरचा. दर वर्षी वाढदिवसाला कळवीन, असं लिहून आणलेलं दुभाषी बाईचं वाक्य तिला वाचायला दिलं. तिनं ते दोनदा वाचलं आणि पैशाच्या गल्ल्यात ठेवून दिलं.

चौदा पुड्या आम्ही पुन्हा बांधल्या. अठराव्यात आता तो कागद आहे, उतरवून घेतल्यावर ठेवलेला. सदरे दोन्ही बाहेर आहेत. काचेच्या गल्लीतून पंधरावी वस्तूही घेतली, ती छोटीसाठी. निळ्या काचेचा मासा आहे. सातवं लागलंय ना तिला? तिला काय आवडतं ते मला माहीत नाही, म्हणून दुकानात बटणला विचारलं. तिनं मासा दाखवला.

इस्त्रीच्या दुकानातून परत येताना बाकावर बसून, बरोबर घेतलेलं तुझं पाकीट फोडलं. दुसऱ्या बाईचा कागद बांधून ठेवून काय झालं ते बघितल्यावर तुझं ठेवायची हिंमत राहिली नव्हती. मी सहा वर्षं त्यात माफी आहे असं धरून चालले होते. तू कारणं दिली असशील, भावोजींचं नाव पुढे केलं असशील, सासूचं केलं असशील. आत चार ओळी निघाल्या.

‘छोटी इथे आल्यापासून झोपत नाही. तुझ्याकडे झोपायची म्हणत होतीस. काय करायचीस ते कळव. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, नुसतं एका ओळीत लिही.’

आणि त्यात दुमडलेलं दुसरं पाकीट होतं, तिकीट लावलेलं, तुझ्या अक्षरात तुझाच पत्ता घातलेलं. मला पत्तासुद्धा लिहायला लागू नये म्हणून.

ताई, मी तिथे किती वेळ बसले ते मला सांगता यायचं नाही. तू किती रात्री जागलीस, ते मी कुणाला विचारू? तीन महिन्यांची पोर, रडून रडून सुकलेली, आणि तू रोज पोस्टमनची वाट बघतेयस. मला वाटत होतं, माझ्याकडून काहीतरी ओढून नेलं आणि तुझ्याकडे सगळं आहे. तुला एक ओळ हवी होती, ती फायलीत रिपोर्टांखाली पडून होती. तू मला दिलंस आणि परत घेतलंस, ते चूकच होतं, मी ते बदलत नाही. पण मी जे केलं त्याला माझ्याकडे शब्द नाही.

पंचवीस तारखेला दुपारी आम्ही पोचतो. ये म्हणत नाही, पण आलीस तर छोटीला आण. बटणला मोठ्या आवाजाचा त्रास होतो, तेवढं तिला सांगून ठेव. ही सगळी पत्रं एकदम टाकतेय, फक्त खालचा तुकडा फाडून तुझ्या त्या पाकिटात घालणार आहे. तिकीट आपल्याकडचं आहे, इथे चालायचं नाही, वर नवं लावीन.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर:

मला अंगाई येत नाही, तुला माहीतच आहे. उजव्या खांद्यावर घ्यायची, पाठीवर थोपटायचं आणि एकोणतीसचा पाढा म्हणायचा, अगदी हळू. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. त्याच्यापुढे मला कधी जावं लागलं नाही.